ज्येष्ठेजवळची धूळ

कोल्हापुरातून ध्रुवतारा शोधायला मान फारशी वर करावी लागत नाही. शहराचा अक्षांश १६.७ उत्तर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर, सतरा अंशांच्या आत. उत्तरेला एखादं आंब्याचं झाड किंवा चार मजली इमारत आली की तो दिसतच नाही. पण उत्तरेला जे हुकतं, त्याची भरपाई दक्षिणेला होते. वृश्चिक राशीतली तांबूस ज्येष्ठा कोल्हापुरात दक्षिणेला ४७ अंश वर चढते. दिल्लीत तीच ३५ अंशांवर थांबते आणि लंडनमध्ये जेमतेम १२ अंशांवर. ४७ अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या सुमारे १.४ पट जाडीतून येतो. १२ अंशांवर ती जाडी जवळजवळ पाचपट होते आणि अंधूक असं जे काही असेल ते वाटेतच संपतं.

हा फरक महत्त्वाचा, कारण ज्येष्ठेच्या शेजारीच, सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर, पृथ्वीला सर्वांत जवळच्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांपैकी एक आहे. भुजंगधारी तारकासमूहातल्या ‘रो’ ताऱ्यावरून त्याला रो ऑफियुकी मेघ म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. चांगल्या काळोखात फार तर एवढं जाणवतं, की आकाशगंगेच्या पट्ट्यातून काही काळसर ओहोळ ज्येष्ठेकडे आले आहेत. कॅमेऱ्याने तिथला प्रकाश तीन-चार तास साठवला, तर मात्र रंगांची अशी दाटी उमटते की आकाशाच्या दुसऱ्या कुठल्याही कोपऱ्यात ती क्वचितच सापडेल. ‘रो’भोवती निळा धूसर पसारा, ज्येष्ठेभोवती पिवळट झाक, जवळच्या सिग्मा ताऱ्याभोवती गुलाबी-लाल वलय आणि या सगळ्यांना कापत गेलेल्या तपकिरी-काळ्या नद्या. चौकटीच्या एका बाजूला एम-४ हा गोलाकार तारकागुच्छही येतो. तो शेजारी वाटतो, पण खरं तर सुमारे सहा हजार प्रकाशवर्षं दूर आहे.

यातलं निळं, पिवळं आणि काळं, तिन्ही धुळीचं आहे. ‘रो’ हा उष्ण, निळसर तारा; त्याचा प्रकाश धुळीवर पडून विखुरतो. ज्येष्ठा हा लाल महाराक्षसी तारा स्वतःच धूळ बाहेर टाकत असतो आणि तीच त्याच्या रंगाने उजळते. जिथे जवळ उजेड देणारा तारा नाही, तिथे तीच धूळ मागचे तारे झाकते आणि काळी दिसते. फक्त सिग्माभोवतीचा लाल रंग वायूचा, तापून आयनित झालेल्या हायड्रोजनचा.

ही धूळ आपल्या अंगणातल्या मातीसारखी नाही. तिचा एकेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, सिलिकेट किंवा कार्बनचा. मेघाच्या एकूण वस्तुमानात तिचा वाटा जेमतेम एक टक्का; बाकी जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियम. पण हा एक टक्का नसता तर आजच्यासारखे तारे जन्मलेच नसते. धूळ ताऱ्यांचे अतिनील किरण अडवते, म्हणून आत रेणू टिकतात. हायड्रोजनचे दोन अणू धुळीच्या कणावर भेटून त्यांचा रेणू बनतो. मेघातली उष्णता बाहेर फेकायलाही धूळच मदत करते. म्हणून तिथलं तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतं आणि गुरुत्वाकर्षणाला वायू दाबून गोळा करता येतो. दाट गाभ्यांतही एका घनसेंटिमीटरमध्ये काही हजार ते लाखभर रेणूच असतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे हा ‘दाट’ मेघ प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ आहे. प्रकाश अडतो तो मेघाच्या अफाट जाडीमुळे.

आकाशातल्या काळ्या जागा म्हणजे वस्तू, पोकळी नव्हे, हे माणसाला फोटोमुळे कळलं. आणि ज्याच्यामुळे कळलं, तो माणूस फोटो स्टुडिओतून आला होता.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा. घरची गरिबी, शाळा नाहीच म्हणावी अशी. नऊ वर्षांचा असताना तो एका स्टुडिओत कामाला लागला. पुढे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत त्याच्या हाती जी लेन्स आली तीही मुळात माणसांचे फोटो काढायची, स्टुडिओतली, सहा इंच व्यासाची. मोठ्या दुर्बिणी आकाशाचा नखाएवढा तुकडा दाखवतात. ही लेन्स एका काचेवर कित्येक अंश आकाश घेत होती. १८९० च्या दशकात बर्नार्डने तिच्यातून आकाशगंगेच्या काचा घेतल्या आणि ‘रो’भोवतीचा हा प्रदेश पहिल्यांदा नीट दिसला. १९०५ मध्ये तो १० इंची ब्रूस दुर्बीण घेऊन माउंट विल्सनवर गेला आणि तिथून हाच भाग पुन्हा टिपला. त्या काळी एका काचेवर तासन् तास प्रकाश घ्यावा लागे. दुर्बीण घड्याळयंत्रावर फिरायची, पण यंत्रावर भिस्त ठेवून चालायचं नाही. शेजारच्या छोट्या दुर्बिणीत एक तारा तारेच्या फुलीवर धरून बर्नार्ड रात्रभर हाताने दुरुस्ती करत बसे.

हे काळे पट्टे म्हणजे ताऱ्यांमधली भोकं, असं आधी बऱ्याच जणांना वाटत होतं. बर्नार्डलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग १९१३ च्या उन्हाळ्यातल्या एका निरभ्र, चंद्रहीन रात्री दक्षिणेकडच्या आकाशगंगेचा फोटो घेत असताना त्याला धनु राशीतल्या ताऱ्यांच्या दाटीपुढे पृथ्वीवरच्याच ढगांचे काही छोटे पुंजके दिसले. मागे इतका उजेड, की ते शाईच्या थेंबांसारखे काळेभोर दिसत होते. त्याच्या काचांवरचे काळे डाग हुबेहूब असेच होते. ढग दिसायला तो स्वतः उजळलेला असायला हवा असं नाही, मागे उजेड असला तरी पुरतं. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ काळ्या वस्तूंची यादी छापली. आज फोटो काढणारे ‘बी-३३’ किंवा ‘बी-४४’ म्हणतात तो ‘बी’ बर्नार्डचा. बी-३३ म्हणजे मृगातला प्रसिद्ध अश्वमुखी मेघ. तो १८८८ च्या एका काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना हार्वर्डमध्ये सापडला होता. ज्येष्ठेकडे येणारी काळी नदी बी-४४.

निळ्या धुळीचं कोडं मात्र फोटोने नाही, वर्णपटाने सोडवलं. १९१२ मध्ये लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरने कृत्तिकांमधल्या धूसर भागाचा वर्णपट घेतला. तो शेजारच्या ताऱ्याच्या वर्णपटासारखाच निघाला. म्हणजे तो भाग स्वतः प्रकाशत नव्हता, ताऱ्याचाच उजेड परतवत होता. आणि १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लरने दूरचे तारकागुच्छ मोजून दाखवून दिलं, की काळ्या मेघांच्या बाहेरही, ताऱ्यांमधल्या सगळ्या जागेत थोडीथोडी धूळ आहेच. आकाशगंगेचं केंद्र या धुळीमागे असं दडलं आहे, की तिथून निघालेल्या दर लाख कोटी दृश्य प्रकाशकणांपैकी सरासरी एकच आपल्यापर्यंत पोचतो.

बर्नार्ड लिकमध्ये काचा घेत होता त्याच सुमारास महाराष्ट्रातही तेजोमेघांचा अभ्यास सुरू झाला होता. मृगाचा तेजोमेघ हा धुळीच्या एका प्रचंड मेघाचा पेटलेला, आपल्याकडे उघडा पडलेला भाग. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटं प्रकाश घेऊन त्याचा पहिला फोटो काढला. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँड्रू कॉमनने काढलेल्या फोटोत डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे आले. कॅमेरा डोळ्याच्या पुढे जातो, याचा तो पहिला पुरावा. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी, मुंबई सरकारची तेवढीच भर आणि कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकाचा ध्यास यांतून. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती.

नायगमवालांनी तिला वर्णपटमापक जोडला आणि मृगाच्या तेजोमेघाकडे वळवली. त्या काळी एक वाद पेटला होता. तेजोमेघांच्या प्रकाशात एक ठळक हिरवट रेषा दिसते, ती कशाची? नायगमवालांचे मार्गदर्शक नॉर्मन लॉकयर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होती. तसं असेल तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी. पुण्यात ती रेषा बारीक आणि धारदार दिसली आणि नायगमवालांनी ते तसंच, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, छापलं. रेषेचं खरं मूळ, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, १९२० च्या दशकाच्या अखेरीस आयरा बोवेन यांनी शोधून काढलं. पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण नायगमवालांनी पाहिलेली ती रेषा, ५०० नॅनोमीटरच्या जराशी पुढे, आज आकाशाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे, कारण त्याच एका रेषेला वाट देणारं फिल्टर बाजारात मिळतं.

इथेच धुळीचा मेघ बाकी सगळ्यांहून वेगळा पडतो. मृगाच्या तेजोमेघासारखे पेटलेले वायू आपला बराचसा प्रकाश मोजक्या रेषांमध्ये ओततात. फिल्टर लावून तेवढ्याच रेषा घेतल्या आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बाकीचा उजेड अडवला, तर कोल्हापूर शहरात, राजारामपुरीतल्या एखाद्या गच्चीवरूनही त्यांचा उत्तम फोटो निघतो. धुळीचं तसं नाही. तिला स्वतःची रेषा नाही. ती ताऱ्याचा उसना प्रकाश परतवते आणि त्यात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग असतात. दिव्यांतही तेच रंग असतात. दिव्यांचा उजेड वगळून फक्त धुळीचा घेईल असं फिल्टर बनूच शकत नाही. सोडियमच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा, म्हणून तो निदान काही अंशी गाळता येई. गेल्या दहा वर्षांत रस्तोरस्ती आलेल्या पांढऱ्या एलईडीत निळा रंगही मुबलक असतो आणि हवेत सर्वांत जास्त विखुरतो तो निळाच. ‘रो’भोवतीची निळी धूळ सगळ्यांत आधी पुसली जाते ती यामुळे. धुळीच्या मेघाला काळोखच लागतो. उपकरणांवर कितीही खर्च केला तरी ही एक वस्तू विकत मिळत नाही.

कोल्हापूरकराला असा काळोख कुठे सापडेल? पहिलं नाव साहजिकच पन्हाळ्याचं येतं. शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र तिथेच आहे आणि जवळचं मसाईचं जांभ्या खडकाचं पठार मोकळं, सपाट, चारही क्षितिजं दाखवणारं. पण नकाशा उघडून दिशा मोजली की अडचण कळते. पन्हाळ्याहून कोल्हापूर आग्नेयेला येतं, आणि ज्येष्ठा उगवते तीही आग्नेयेकडेच. ती ३० अंश वर येते तेव्हा बरोबर शहराच्या उजेडाच्या घुमटावर असते. पन्हाळ्यावरून फोटो घ्यायचा तर मेघ दक्षिणेला सरकून पुढे पश्चिमेकडे कलेपर्यंत थांबावं लागतं. अर्धी रात्र तशीच जाते. राधानगरी, दाजीपूरच्या बाजूला गेलं की कोल्हापूर ईशान्येला, म्हणजे पाठीमागे पडतं आणि दक्षिणेकडे सह्याद्रीचं रान उरतं. तिथे मुक्कामाचे आणि रात्री फिरण्याचे वन खात्याचे नियम आहेत, गवे आहेत. ज्यांच्या शेतात तिपाई लावायची त्यांना आधी विचारणं हेच सर्वांत सोयीचं. घाटाच्या अगदी कडेला, गगनबावड्याला किंवा आंबोलीला, एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून चढणारी दमट हवा उत्तररात्री धुकं आणते. कड्यापासून थोडं आत राहिलेलं बरं.

काळोखाचं मोल आता सरकारदरबारीही ओळखलं जाऊ लागलं आहे. लडाखमधल्या हानलेभोवती २०२२ मध्ये राखीव काळोखाचं क्षेत्र जाहीर झालं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. सह्याद्रीच्या या टोकालाही तसं काही व्हावं, इतका चांगला काळोख राधानगरीच्या परिसरात अजून शिल्लक आहे.

सगळे दिवे मालवले, तरी आकाश पूर्ण काळं होत नाही. हे कोल्हापुरात अनेक वर्षं मोजलं गेलं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं आहेत. त्यांत संपूर्ण आकाश एका चौकटीत घेणारा, मत्स्यनेत्री लेन्सचा कॅमेराही होता. तो ताऱ्यांचे फोटो घेत नव्हता. दिवसा सूर्यकिरणांनी मोडलेले अणुरेणू रात्री पुन्हा जुळताना मंद प्रकाश सोडतात, त्याचे घेत होता. ऑक्सिजनची हिरवी आभा ५५७.७ नॅनोमीटरची, जमिनीपासून सुमारे ९५ किलोमीटरवर. लाल आभा ६३० नॅनोमीटरची, सुमारे २५० किलोमीटरवर. त्या लाल आभेत पूर्वेकडे सरकणारे काळे पट्टे दिसतात. ते विषुववृत्तावरून वर आलेले आयनद्रव्याचे बुडबुडे, आणि कोल्हापूरवरून जाताना त्यांची नोंद शोधनिबंधांत झाली आहे. धुळीच्या मेघाचा फोटो काढणाऱ्याला ही आभा टाळता येत नाही, कारण त्याच्या चौकटीतही ती उतरते. सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत ती अधिक उजळ असते; २०२४ च्या सुमारास सूर्यचक्राचा कळस होता तेव्हा अनेकांच्या फोटोंत पार्श्वभूमी हिरवट-लाल आली, आणि दोष कॅमेऱ्याचा नव्हता.

उपकरणांत मोठी दुर्बीण इथे कामाची नाही. मेघ आकाशात कित्येक अंश पसरला आहे; त्याच्या रुंदीत दहाहून जास्त पूर्णचंद्र ओळीने मावतील. १३५ मिलिमीटरची साधी टेलिफोटो लेन्स आणि डीएसएलआर कॅमेरा पुरतो. बर्नार्डच्या स्टुडिओतल्या लेन्सचीच ही वारसदार. खरी गरज असते ती पृथ्वीच्या फिरण्याला तोड देणाऱ्या यंत्राची. १३५ मिलिमीटर लेन्स आणि चार मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा असेल, तर एक पिक्सेल आकाशाचे सुमारे सहा विकला व्यापतो, आणि आकाश सेकंदाला जवळपास १५ विकला सरकतं. अर्ध्या सेकंदात तारा पुढच्या पिक्सेलवर. म्हणून कॅमेरा एका ट्रॅकरवर बसवतात आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखतात.

कोल्हापुरात हे रोखणं कसरतीचं असतं. अक्ष जेमतेम १७ अंश उचललेला, म्हणजे जवळजवळ आडवाच. ध्रुवदुर्बिणीत डोळा लावायला जमिनीवर गुडघे टेकून मान मोडावी लागते. काही विषुववृत्तीय माउंटवर एवढ्या कमी अक्षांशाला तोलवजनाची दांडी तिपाईच्या पायाला आपटते. पाय फिरवून तिच्यासाठी जागा करावी लागते. बरेचसे माउंट चाळीस-पन्नास अंशांच्या देशांसाठी घडवलेले असतात, त्याचा हा परिणाम. लोखंडी चकती, कड्या, जोडपट्ट्या असं काही हवं असेल तर मात्र कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात लेथवर हवं ते कातून मिळतं. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला होता, १९१८ च्या सुमारास, ‘सैरंध्री’ पडद्यावर येण्याआधी.

मोसम थोडाच. फाल्गुनात, पाडव्याच्या आदल्या अमावास्येला, ज्येष्ठा पहाटे साडेचारच्या आसपास दक्षिणेला सर्वांत वर येते. चैत्र अमावास्येला, एप्रिलच्या अखेरीस, ती नऊच्या सुमारास उगवते आणि रात्री पावणेबारापासून पहाटे पावणेपाचला तांबडं फुटायला लागेपर्यंत ३० अंशांच्या वर राहते. पाच तासांची ही रात्र वर्षातली सर्वांत मोलाची. वैशाखातली अमावास्या खगोलशास्त्राच्या हिशेबाने आणखी सोयीची, पण वळीव, विजा आणि उसाच्या पट्ट्यातली दमट हवा तिच्या वाट्याला येते. ऊसतोडीनंतर फडात पेटवलेल्या पाचटाचा धूरही खालच्या हवेत दोन-तीन दिवस रेंगाळतो. त्यामुळे दुपारी पश्चिमेचे डोंगर कितपत स्वच्छ दिसतात, यावरूनच रात्रीचा अंदाज बांधलेला चांगला.

मग काम संथ आणि एकसुरी असतं. आधी एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस. त्यासाठी लेन्सवर खाचांची चकती लावतात आणि ताऱ्यातून निघालेले तीन किरण बरोबर मधोमध जुळवतात. तीन-तीन मिनिटांचे फोटो, एकामागून एक. तीन मिनिटांच्या एका फोटोत मेघ असतो, पण कणकण झालेल्या गोंगाटात बुडालेला. असे ८० फोटो एकावर एक रचले की चार तासांचा प्रकाश जमतो आणि गोंगाट सरासरीत विरतो. हिशेब मात्र कठोर आहे. स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट द्यावा लागतो, चार तासांच्या दुप्पट चांगलं चित्र सोळा तासांचं. म्हणून जाणकार एकच मेघ तीन-चार अमावास्या घेत राहतात. एप्रिलच्या उकाड्यात कॅमेऱ्याचा सेन्सर तापतो. दर सहा अंशांच्या आसपास तापमान वाढलं की उष्णतेतून येणारा खोटा प्रवाह दुप्पट होतो. म्हणून लेन्सचं झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच तापमानाचे काळे फोटो घेतात आणि मूळ फोटोंतून वजा करतात. पहाटे उजाडू लागलं की लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून, आकाशाकडे रोखून आणखी काही फोटो घेतात. लेन्सच्या कडेचा मंदपणा आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके त्यांच्या आधाराने काढून टाकता येतात. सिग्माभोवतीचं लाल वलय दुकानातल्या कॅमेऱ्यात फिकं येतं. त्यातलं आतलं फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा प्रकाश बहुतांशी अडवतं, म्हणून अनेकजण ते काढून घेतात.

संगणकावर बसल्यावर प्रामाणिकपणाची कसोटी लागते. मेघ जमलेल्या चित्रात असतो, पण पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम उजळ, म्हणून उजेडाची कमान ओढून तो वर काढावा लागतो. त्याआधी शहराच्या उजेडाचा उतार काढून टाकणारं सॉफ्टवेअर चालवतात आणि इथेच घात होतो. पसरट, मंद धूळ आणि पसरट, मंद दिव्यांचा उजेड यंत्राला सारखेच दिसतात. धूळही पुसली जाते. उलट, गोंगाट साफ करणारी नवी साधनं नसलेले धुळीचे तंतूही काढून दाखवतात. अशा वेळी पडताळ्याला एक चांगला साक्षीदार आहे. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने जवळजवळ संपूर्ण आकाशाचा अवरक्त नकाशा बनवला. १०० मायक्रॉनच्या लांबीला धूळ स्वतः उजळते, तिथे दिव्यांचा प्रश्न नाही. आपल्या फोटोतला तंतू त्या नकाशात असेल तर तो खरा. नसेल तर तो संगणकाने घातलेला, कितीही देखणा असला तरी काढून टाकावा.

धुळीने गिळलेला प्रकाश असा वाया जात नाही. कण थोडे तापतात आणि तीच ऊर्जा लांब तरंगांत परत देतात. याच तत्त्वावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण महाकाय फुग्याला लटकवून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठवली आणि ताऱ्यांच्या जन्मस्थानांतून येणारे दूर-अवरक्त किरण मोजले. ते किरण जमिनीवर पोचत नाहीत, हवेतली वाफ त्यांना गिळते. कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले जयंत नारळीकर हेच तत्त्व विश्वाच्या मापाला नेऊ पाहत होते. १९९३ मध्ये फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह मांडलेल्या त्यांच्या प्रतिमानात विश्वभर पसरलेली सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी गिळून पुन्हा सोडलेला. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते मान्य केलं नाही. पण धुळीकडे अडगळ म्हणून न पाहता विश्वाच्या कारभारातली एक कर्ती वस्तू म्हणून पाहण्याची ती दृष्टी मोलाची होती.

दृश्य प्रकाशातल्या फोटोत मेघाचा जो गाभा काळाठिक्कर दिसतो, तिथे आत काय चाललं आहे? स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला तिथे ३०० हून अधिक बालतारे सापडले, सरासरी वय तीन लाख वर्षं. आपला सूर्य साडेचारशे कोटी वर्षांचा. १२ जुलै २०२३ रोजी जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या वर्षपूर्तीचं चित्र म्हणून याच मेघाचा एक छोटा तुकडा निवडला गेला. सुमारे पन्नास तरुण तारे, त्यांच्या दोन्ही टोकांतून सुटलेले रेण्वीय हायड्रोजनचे लाल झोत आणि खाली एस-१ या ताऱ्याने धुळीत पोखरलेली पिवळसर गुहा. १३५ मिलिमीटरच्या फोटोत हा सगळा प्रदेश मोजक्या पिक्सेलांचा आहे. तरी दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत. छोट्या चित्रात आतले तारे दिसतात. मोठ्या चित्रात दिसतं, की ते कुठल्या प्रचंड पसाऱ्याच्या कुशीत आहेत आणि तो पसारा शेजारच्या ताऱ्यांनी कसा ढकलला, वाकवला आहे.

जूनमध्ये मृग नक्षत्र लागलं की कोल्हापुरातून ऑक्टोबरपर्यंत या कामाला सुट्टी. पावसाआधी, मेच्या अखेरच्या रात्रींत, वृश्चिकाच्या शेपटीच्या पूर्वेला दक्षिण मुकुटातला धुळीचा छोटा मेघ ३६ अंशांवर मिळतो. त्याहून दक्षिणेचा, सरडा तारकासमूहातला मेघ मात्र इथल्या क्षितिजावर येतच नाही. पावसानंतरचं पहिलं मोठं लक्ष्य रोहिणी आणि कृत्तिका यांच्यामधला वृषभ राशीतला मेघ. बर्नार्डने त्याचेही फोटो घेतले होते. तो कोल्हापुरात ८० अंशांहून वर, जवळजवळ डोक्यावर चढतो. डिसेंबरच्या अमावास्येला इथे सलग दहा तास पुरा काळोख असतो. तोवर फडांत तोडणी आणि गुऱ्हाळं जोरात चालू असतात, त्यामुळे जागा धुरापासून लांब आणि थोडी उंच निवडावी. रात्री दवही भरपूर पडतं, लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी आणि तिच्यापुरती जास्तीची बॅटरी बरोबर असावी.